रिकाम्या आकाशाची जोडी

श्रीरंगने देवघरातली घंटा उचलली तेव्हा आई म्हणाल्या, "अरे, देवाची आहे ती. खेळणं नाही."

"देवालाच विचारतोय," तो म्हणाला आणि दबक्या पावलांनी जुईच्या मागे जाऊन उभा राहिला.

जुई चटईवर बसली होती. नऊ महिन्यांची. नुकतीच आधाराशिवाय बसायला लागली होती, त्यामुळे नुसतं बसण्याचाही तिला केवढा अभिमान. समोर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून पाहत होते. श्रीरंगने घंटा हलवली. जुईने मान वळवली, बापाला पाहिलं आणि खालचे दोन दात दाखवून हसली.

"झालं समाधान?" श्रीरंग माझ्याकडे बघून म्हणाला.

"झालं नं बाई आता," आई म्हणाल्या. "रोज रोज काय परीक्षा घेऊन राहिले पोरीची! हा श्रीरंग तर वर्षाचा होईपर्यंत हाक मारली तरी पाहत नव्हता."

"अजूनही पाहत नाही," मी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. पण माझं समाधान झालं नव्हतं.

जन्मल्यावर जुईला जोराची कावीळ झाली होती. काही दिवस निळ्या दिव्यांखाली ठेवली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, कानांवर लक्ष ठेवा, अशा मुलांच्या कानांना कधी कधी त्रास होतो. सगळ्यांनी ते ऐकलं आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेले. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिच्या मागे किल्ल्या वाजवल्या, ती वळली, ते म्हणाले, "छान आहे. आईलाच झोपेची गरज आहे." पण वाऱ्याने दार धाडकन आपटायचं तेव्हा ती झोपेतून हलायची नाही. पाचव्या महिन्यात ती स्वतःशीच खूप आवाज काढायची, ते हळूहळू कमी होत चालले होते. आणि कधी मी तिच्या नकळत मागून हाक मारली, तर ती एखाद्या वेळी वळायची, एखाद्या वेळी नाही. घरातले म्हणायचे, खेळात रमली असेल. असेलही. माझ्याइतकं तिला पाहत बसायला दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता.

आम्ही राहत होतो ते सातपुड्यातलं एक पठार. साग संपून गवत सुरू होतं तिथे वर आमचं केंद्र होतं: चार मोठ्या दुर्बिणी, एक प्रयोगशाळा, कर्मचाऱ्यांची सहा घरं आणि फाटक. फाटकावर तुळशीराम. गावाकडचे पाहुणे आले की दुर्बिणी बघून हमखास विचारायचे, "डोळा कुठून लावायचा?" डोळा लावायची सोयच नव्हती. दुर्बीण म्हणजे शेकडो आरशांची एक भलीमोठी परात आणि तिच्या समोर खांबावर धरलेला कॅमेरा. तो कॅमेरा श्रीरंगचा. म्हणजे सरकारचाच, पण त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तीन वर्षं खपून नव्याने बांधलेला. आदल्या पावसाळ्यात आरशांना नवा मुलामा दिला, जुने कॅमेरे उतरवले आणि हे बसवले. मी बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा सगळीकडे त्याचंच बोलणं चालू होतं.

मला काम मिळालं ते नव्या दुर्बिणी जुन्यांपेक्षा किती चांगल्या, हे ठरवण्याचं. केंद्राचे प्रमुख पळसुले सर यांनी ते मला फोनवर दिलं तेव्हा मीच म्हणाले, "सर, वझलवारच्या कॅमेऱ्याचं मूल्यमापन वझलवारच्या बायकोने करायचं? कुणी विचारलं तर?"

"सांगेन की ती त्याच्या पोह्यांनाही गुण देत नाही."

हे खरं होतं. श्रीरंग पोह्यांत मीठ विसरायचा.

काम सांगायला सोपं आहे. दूर कुठेतरी काहीतरी प्रचंड घडतं, त्यातून गॅमा किरण निघतात. ते जमिनीपर्यंत येतच नाहीत; फार वर हवेला धडकतात, तिथे कणांचा फवारा उडतो आणि त्यातून निळसर उजेडाची एक चमक निघते. सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकी. आमच्या दुर्बिणी त्या चमकेचं चित्र घ्यायच्या. अडचण ही, की तसल्याच चमका दुसऱ्या कणांमुळेही होतात, हजारोंनी. शिवाय आकाशाचा स्वतःचा मंद उजेड असतो, तोही कॅमेऱ्यात शिरतो. आपण ज्याच्याकडे बघतोय त्याच्याकडून आलेली चमक कुठली आणि आकाशात अशीच भटकणारी कुठली, हे एकेका चित्रावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणून जोडी. हा शब्द सरांचा. वृषभ राशीत एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे, त्याला आम्ही खेकडा म्हणायचो. सोनाराला कसोटीचा दगड, तसा गॅमा दुर्बिणींना खेकडा. जगात कुठेही नवी दुर्बीण उभी राहिली की आधी त्याच्याकडे वळवतात. तासभर खेकड्याकडे बघायचं. मग दुर्बीण मागे आणायची आणि आकाशाचा एक रिकामा तुकडा, जो नेमका खेकड्याच्याच वाटेने मागून येतोय, त्याच्याकडे तितकाच वेळ, त्याच उंचीवर, त्याच दुर्बिणीने बघायचं. खेकड्याच्या मोजणीतून रिकाम्याची मोजणी वजा करायची. उरेल ते खेकड्याचं. पठारावर नवा आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यात म्हणायचा, सर, अर्धा वेळ वाया जातो. आणि प्रत्येक वेळी सर फक्त विचारायचे, "जोडी लागली का?"

जानेवारीत मी आकडे हातात घेतले. खेकडा झगझगीत दिसत होता. पूर्वी ज्या खात्रीने तो दिसायला तासभर लागायचा, तेवढी खात्री आता वीस मिनिटांत. प्रयोगशाळेतल्या फळ्यावर कुणीतरी 'वीस' असं लिहून त्याभोवती सूर्य काढला होता. फेब्रुवारीअखेर समिती येणार होती. पुढच्या कामाची मंजुरी तिच्या हातात होती, आणि वीस हा आकडा तिला तोंडपाठ व्हावा अशी सगळ्यांची इच्छा होती.

मी रिकाम्याची मोजणी उघडली आणि थांबले. ती फार शांत होती. नवा कॅमेरा इतका शांत असेल असं मला वाटेना.

श्रीरंग शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करत होता.

"यंदाचं रिकामं कुठाय?" मी विचारलं.

"नाही घेतलं."

"नाही घेतलं म्हणजे?"

"डिसेंबरभर ढग होते, ऋजुता. तू रजेवर खाली होतीस, तुला माहीत नाही. जे काही तास मोकळे मिळाले ते खेकड्याला दिले. रिकामं गेल्या वर्षीचं आहे की ढीगभर. वर्षभरात आकाश बदलतं का?"

"आकाश नाही बदललं. कॅमेरा बदललाय. तूच नवा बसवलायस."

"त्याचं गुणोत्तर लावलंय मी."

"जुन्या कॅमेऱ्याला गुणोत्तर लावून तो नवा होतो?"

त्याने सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवली. रागावला की तो हातातली वस्तू फार हळू खाली ठेवतो.

"सिग्नल खोटा आहे असं म्हणायचंय तुला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मला दिसत नाहीये, एवढंच."

"घरी पण हेच. घंटा वाजवली, पोरगी वळली, सगळ्यांनी पाहिलं. तुला मात्र अजून दिसत नाहीये." तो खुर्ची वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुला ना, कुठलीच गोष्ट चांगली निघालेली सहन होत नाही."

मला खरोखरच माहीत नव्हतं, की हे खोटं आहे की नाही.

सर डिसेंबरपासून नागपूरला होते, आधी रजेवर आणि मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, म्हणूनच हे सगळं जोडीशिवाय चाललं होतं. ते काळा चष्मा लावून परत आले, त्याच सकाळी आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो. मी सांगितलं. श्रीरंगनेही सांगितलं, काही लपवलं नाही. त्याच्या दृष्टीने लपवण्यासारखं काही नव्हतंच.

काळ्या चष्म्यामुळे सर कुणाकडे बघतायत ते कळत नव्हतं.

"जोडी नाही?"

"नाही सर."

"वझलवार, लग्नात पाटावर तू एकटाच बसला होतास का रे?"

"सर, दिवस कमी होते."

"कमी होते म्हणून तर अर्धे द्यायचे. या पंधरवड्यात चंद्र नाही. जेवढे तास मोकळे मिळतील त्यातले अर्धे खेकड्याला, अर्धे रिकाम्याला. लागोपाठ."

"समितीच्या तोंडावर रिकाम्या आकाशाकडे बघत बसायचं?"

"ते रिकामं आहे हे तुला कुणी सांगितलं?" सर म्हणाले. "तेच तर बघायचंय."

श्रीरंगने ते काम नेटाने केलं, हे मला सांगितलं पाहिजे. चिडून केलं, पण नेटाने. पंधरा दिवस तो पहाटे थंडीने आखडून घरी यायचा, आईंनी केलेला गरम शिरा खायचा आणि झोपायचा. दुपारी उठून जुईला खांद्यावर घ्यायचा, टाळी वाजवायचा, ती वळली की माझ्याकडे न बघता म्हणायचा, "ऐकतेय हो माझी बाई."

पंधरवडा संपल्यावर मी त्याला पडद्यासमोर बसवलं. एकावर एक दोन आलेख होते, खेकड्याचा आणि रिकाम्याचा. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. कॅमेरा त्याने बांधला होता.

नवा कॅमेरा तीक्ष्ण होता, आणि तो रिकाम्या आकाशाकडे बघतानाही तितकाच तीक्ष्ण होता. जुन्याला जो मंद उजेड दिसतच नव्हता तो सगळा हा टिपत होता, समोर काही असो वा नसो. आम्ही नव्या मोजणीतून जुनं रिकामं वजा करत होतो, आणि जास्तीचं सगळं खेकड्याच्या नावावर चढवत होतो.

"म्हणजे आपण जे बघत होतो..." श्रीरंग म्हणाला.

"त्यातला बराचसा कॅमेराच होता."

"खरं किती?"

"पूर्वी तास लागायचा. आता पाऊण तास."

तो उठला, फळ्याजवळ गेला आणि तो सूर्य हाताने पुसला. सूर्य काढणाराही तोच होता, हे मला तेव्हा कळलं.

"पाऊणही वाईट नाही," तो म्हणाला.

"वाईट नाहीच. चांगला आहे कॅमेरा."

"आता म्हणतेस?"

"आता दिसलं म्हणून म्हणते."

तो हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

त्या रविवारी आईंनी सरांना जेवायला बोलावलं. पाटवडीचा रस्सा केला होता. सर एकटे राहायचे आणि जेवायचं आमंत्रण कधी मोडायचे नाहीत.

"तिखट बंद केलंय हो डॉक्टरांनी, वहिनी," ते पाटावर बसत म्हणाले.

"डोळ्याचं नं ऑपरेशन? तोंडाचं तर नाही? घ्या गुपचूप."

त्यांनी तीनदा रस्सा घेतला आणि चष्मा काढून डोळे पुसले. जेवणं झाली, मी ताटं आत नेली. बाहेरच्या खोलीत जुई तिच्या चटईवर बसली होती, हातात सुपारीएवढा लाकडी मणी, तो तोंडात कसा घालावा या विचारात. तिच्या मागे अंगणाचं दार उघडं होतं आणि फेब्रुवारीचं ऊन दारातून थेट चटईपर्यंत आलं होतं. आई समोर बसून बडीशेप निवडत होत्या.

"तुम्ही तरी सांगा हो हिला काही, पळसुलेसाहेब," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुमचं ऐकते ती. पोरीला बहिरी ठरवून राहिली! काहून असं करते कोण जाणे. तिकडे दुर्बिणी तपासायच्या, इकडे पोरगी तपासायची."

"काय म्हणतेस? खरं की काय?" सर मला म्हणाले.

"कावीळ झाली होती सर. डॉक्टर म्हणाले होते, लक्ष ठेवा."

"मग ठेवलं की लक्ष. निष्कर्ष काय?"

"रोज वळते सर," श्रीरंग म्हणाला. "हिला सोडून सगळ्यांना दिसतं."

"बघू बरं." सर उठले, जुईच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात उंच करून जोरात टाळी वाजवली.

जुई वळली. काळ्या चष्म्याच्या त्या उंच माणसाकडे तिने बघितलं आणि मणी त्याला देऊ केला.

"हे बघा!" आई म्हणाल्या. "आता तर सरांनी पाहिलं! आता तरी?"

सर हसत होते. श्रीरंगने माझ्याकडे विजयाने बघितलं. मीही हसायला गेले, आणि त्याच वेळी मला ते दिसलं. खरं तर ते मी पंधरा दिवस प्रयोगशाळेत बघत होते. तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"सर, जोडी?"

खोलीतलं हसणं लगेच थांबलं नाही; हळूहळू ओसरलं. आईंना काही कळलं नाही. श्रीरंगला कळलं, त्याचा चेहरा मी बघितला. सरांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता.

"हं," ते म्हणाले. "बरोबर."

जुई पुन्हा मण्याकडे वळली होती. सर थोडे थांबले. मग त्यांनी अगदी मघासारखेच दोन्ही हात उंच केले, तेवढ्याच जोरात एकमेकांकडे आणले आणि तळवे भिडायच्या आधी थांबवले. आवाज झाला नाही. खोलीत फक्त आईंच्या सुपात बडीशेप सरकत होती.

जुई वळली. त्यांच्याकडे बघून हसली आणि पुन्हा मणी पुढे केला.

"अगं बाई," आई म्हणाल्या. "वाजलीच नाही की हो."

"नाही वाजवली, वहिनी."

"मग कशी काय वळली?"

मी जमिनीकडे बघत होते. दारातल्या उन्हात सरांची सावली त्यांच्या हातांसकट चटईवर, जुईच्या थेट समोर पडली होती.

"थांबा," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "सावली पडली म्हणून. दार लावू. पुन्हा घेऊ."

त्याने दार लावलं. खोलीत मंद उजेड राहिला. तो स्वतः जुईच्या मागे गेला, हात उचलले, वाजवले नाहीत. जुई वळली.

"आता कुठे सावली आहे?" तो म्हणाला.

"तुझ्या चालण्याने फरशी हलते," मी म्हणाले. आमची घरं तयार सांगाड्यांची होती, खाली पोकळ. "आणि आई तुझ्याकडे बघतात. मीही बघते. ती आमच्या तोंडांकडे बघत असते, श्रीरंग. सगळे मागे बघायला लागले की तीही बघते."

मला माझाच आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा वाटला. कोरडा. एखादी नोंद वाचावी तसा. आज आठवलं की मला त्या आवाजाचंच नवल वाटतं. पण तेव्हा मला दुसरा आवाज काढता येत नव्हता. गेले कित्येक आठवडे मला आपण चूक ठरावं असं वाटत होतं, आणि चूक ठरायची एकेक वाट मीच बंद करत चालले होते.

"ठीक आहे," सर म्हणाले. ते आता पूर्ण कामात होते आणि त्याबद्दल मी त्यांची अजूनही ऋणी आहे. त्यांनी मला धीर दिला नाही. "मग आता उलट करायचं. नुसता आवाज. बाकी काही नाही. आपण सगळे तिच्यासमोर बसू. कुणी मान वर करायची नाही. आवाज दुसऱ्या खोलीतून. वझलवार, तू."

"काय वाजवू?"

"जे सगळ्यात मोठं असेल ते."

श्रीरंग स्वयंपाकघरात गेला. आम्ही तिघं जुईच्या समोर चटईवर बसलो, शाळेत प्रार्थनेला बसतात तसे, माना खाली घालून. आईंनी सूप बाजूला ठेवून डोळेच मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते. मी जुईच्या हातांकडे बघत होते. मणी एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात.

आत ओट्यावर परात आपटली.

मला माहीत होतं की ती आपटणार आहे, तरी मी दचकले. सरांचा खांदा उडाला. आईंच्या तोंडून "राम" निघालं. काचेच्या तावदानांना झिणझिण्या आल्या.

मणी पहिल्या हातातून दुसऱ्या हातात गेला.

"परत," श्रीरंग आतून ओरडला.

परात पुन्हा वाजली, या वेळी तिच्यावर बत्ता. मग पुन्हा. मग त्याने थांबणंच सोडून दिलं. परात, बत्ता, परात, बत्ता. सर उठले नाहीत, त्याला थांबवलंही नाही. जुईला मणी तोंडात घालायची युक्ती शेवटी जमली आणि तिने मोठ्या आनंदाने आम्हा तिघांकडे बघितलं, कुणाला कौतुक आहे का ते पाहायला.

मी हात पुढे करून मणी तिच्या तोंडातून काढला. तोही एक धोकाच होता. तेवढं मला सुचलं.

तेवढ्यात अंगणाच्या दारावर थापा पडल्या. सरांनी दार उघडलं. फाटकावरून तुळशीराम धावत आला होता, धापा टाकत, हातात काठी.

"काय झालं साहेब? काय पडलं? फाटकापर्यंत आवाज आला."

आत एकदम शांत झालं.

"काही नाही," सर म्हणाले. "काही पडलं नाही. जा तू."

तो गेला नाही. दारात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. सर बाहेर गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन फाटकाकडे चालू लागले. जाताना त्यांनी दार अगदी हळू ओढून घेतलं. त्यामुळे कुणाला काय फरक पडणार होता, कोण जाणे.

श्रीरंग स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. परात त्याच्या हातात होती, कडेला चेपलेली. त्याने ती खाली ठेवली. फार हळू.

"उद्या नागपूरला जाऊ," तो म्हणाला.

"हो."

"मशीनवर तपासणी असते ना?"

"असते."

"मशीन वेगळं सांगू शकतं."

मी मान हलवली. मशीनने वेगळं सांगितलं नाही, पण ते पुढचं. त्या वेळी त्याला ते वाक्य हवं होतं आणि मी त्याला ते राहू दिलं.

आई रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. "मी हिला अंगाई म्हणते हो रोज," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी. माझ्या मांडीवर झोपते ती."

"म्हणत जा, आई," मी म्हणाले. "तुमच्या छातीची थरथर तिला लागते."

हे खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच मी न तपासता काही बोलले होते.

जुई आता माझ्याकडे टक लावून बघत होती. मणी मी काढून घेतला होता, त्याचा जाब हवा होता तिला. मी चटईवर सरकून अगदी तिच्या समोर बसले, आमचे गुडघे एकमेकांना लागतील इतकी जवळ. दार बंद होतं म्हणून उजेड कमी होता. मी हात लांब करून खिडकीचा पडदा सरकवला. ऊन माझ्या तोंडावर आलं.

मग मी तिच्याशी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. तिचं नाव असेल, किंवा मणी खायचा नसतो असं काहीतरी. ती माझ्या ओठांकडे बघत होती. अजिबात नजर न हलवता, कपाळाला बारीक आठी घालून, एकही हालचाल निसटू नये अशी. मी थांबले तेव्हा तिने आपले ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले, अगदी माझे हलले होते तसे, आणि मी पुढचं बोलेन म्हणून वाट बघत राहिली.